तारेचा भरवसा

हवामानाचा वृत्तांत नेमाने ऐकणाऱ्या श्रोत्यांना ‘नुंगंबाक्कम’ हे नाव अगदीच अपरिचित नसेल. मुंबईचा पाऊस सांगताना जसे कुलाब्याचे आणि सांताक्रूझचे आकडे निरनिराळे दिले जातात, तसे चेन्नईचा पाऊस सांगताना नुंगंबाक्कम आणि मीनंबाक्कम या दोन ठिकाणांचे आकडे दिले जातात. यांपैकी मीनंबाक्कम म्हणजे विमानतळाचा भाग. नुंगंबाक्कम मात्र शहराच्या ऐन मध्यावर आहे. तेथे उपनगरी गाडीचे स्थानक आहे, लॉयोला कॉलेज आहे, आयकर खात्याची मोठी कचेरी आहे, आणि कॉलेज रोडवर प्रादेशिक हवामान केंद्र आहे. या नामांकित वास्तूंच्या मधल्या गल्ल्यांतून लहान धंद्यांची दाट वस्ती आहे : शिंपी, औषधविक्रेते, खानावळी, छापखाने, भ्रमणध्वनी दुरुस्त करणारे, हिशेबनिसांच्या दोन-दोन खोल्यांच्या कचेऱ्या. अशा लहान धंद्यांना अलीकडच्या काळात जो एक नवा आधार अपरिहार्य होऊन बसला आहे, त्या इंटरनेटच्या खात्रीच्या जोडणीविषयी आज विचार करावयाचा आहे.

प्रारंभ मात्र दुकानापासून न करता त्या हवामान केंद्राच्या आवारापासून करणे सोयीचे होईल. या आवारात ईस्ट इंडिया कंपनीने १७९२ साली एक वेधशाळा उभारली. ग्रहताऱ्यांचे वेध घेणे आणि त्यांवरून रेखांश व काळ निश्चित करणे हे तिचे काम. उपकरणांसाठी त्या वेळी उभारलेला ग्रॅनाइटचा अवजड स्तंभ आजही तेथे जतन केलेला आहे. या वेधशाळेने मद्रासची स्थानिक वेळ ठरविली. ती ग्रिनिचच्या पुढे पाच तास एकवीस मिनिटे आणि काही सेकंद इतकी भरली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आपल्या देशात आगगाडी आणि तारायंत्र ही दोन्ही जवळजवळ एकदमच अवतरली, आणि एक नवीच पंचाईत उभी राहिली. प्रत्येक शहराचे घड्याळ त्याच्या त्याच्या सूर्याप्रमाणे चाले. मुंबईत दुपारचे बारा वाजत, तेव्हा कलकत्त्यास एक वाजून गेलेला असे. अशा घालमेलीत गाड्यांचे वेळापत्रक छापावयाचे ते कोणत्या घड्याळाने? यावर तोडगा म्हणून १८७० च्या सुमारास रेल्वेने मद्रासची वेळ साऱ्या देशासाठी पत्करली. ही वेळ मुंबई आणि कलकत्ता यांच्या जवळजवळ मधोमध पडत होती, आणि ती ठरविणारी वेधशाळाही तेथे सज्ज होती. दररोज मद्रासहून तारेने वेळेची खूण धाडली जाई, आणि दूरदूरच्या स्थानकांवरील घड्याळे त्या खुणेबरहुकूम लावली जात.

मुंबईकरांना हा प्रकार रुचला नाही, हे ओघाने सांगितले पाहिजे. १८८१ साली मुंबई सरकारने शहरात मद्रासची वेळ चालू करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ‘आमचा सूर्य मद्रासला का उगवावा?’ अशा थाटाचा विरोध झाला आणि अखेर सरकारला माघार घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ अंमलात आली आणि रेल्वेच्या घड्याळांवरचे मद्रासच्या वेळेचे राज्य संपले. परंतु तोवर तीसपस्तीस वर्षे या देशातील आगगाड्या नुंगंबाक्कमच्या भरवशावर धावल्या.

या कथेतील एक गोष्ट आपल्या आजच्या विषयाला फार उपयोगी आहे. तारेवरून येणारी ती खूण मजकुराच्या दृष्टीने काहीच नव्हती. विजेचा एक क्षणिक ठोका, एवढेच तिचे स्वरूप. तिची सारी किंमत ती दररोज ठरल्या क्षणी न चुकता येते, या एका गोष्टीत होती. ‘आज येईल, उद्या कदाचित येणार नाही’ अशी जर तिची ख्याती असती, तर तिच्या आधारावर कोणी वेळापत्रक रचले नसते. लहान दुकानदाराला आज इंटरनेटकडून जे हवे आहे, ते याच जातीचे आहे. त्याला प्रचंड वेग नको आहे. हवी आहे ती खात्री.

आपल्या देशात सर्वसामान्य माणसाला इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या द्वारे, आणि तेही प्रथम काही मोठ्या शहरांपुरतेच. मद्रास हे त्यांपैकी एक. त्या वेळी ही हौसेची आणि थोड्या मोठ्या कचेऱ्यांची वस्तू होती. दुकानदाराचा तिच्याशी संबंध नव्हता. त्याचा गल्ला लाकडी पेटीत, उधारी वहीत आणि व्यापाऱ्यांशी बोलणे टेलिफोनवर. आज तीस वर्षांनंतर त्याच दुकानाचा दिवस कसा जातो, ते पाहावे. समजा, एका गल्लीत कपडे शिवून देणारे एक छोटे दुकान आहे. सकाळी फळी उघडण्यापूर्वीच गिऱ्हाइकांनी धाडलेली नमुन्यांची चित्रे भ्रमणध्वनीवर येऊन पडलेली असतात. पहिले गिऱ्हाईक येते आणि भवानी होते, ती नाण्यानोटांनी नव्हे, तर भिंतीवर चिकटविलेल्या काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या चौकोनाकडे भ्रमणध्वनी रोखून. अस्तराचे कापड संपले, की घाऊक व्यापाऱ्याला मागणी जाते तीही त्याच वाटेने. त्याचे पैसेही त्याच वाटेने. तयार कपडे दुसऱ्या गावी धाडावयाचे, तर टपालाच्या गाडीची नोंद तेथेच. महिनाअखेरीस जागेचे भाडे, विजेचे देयक, कारागिरांचा पगार आणि वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र, सर्व त्या एका बारीक धाग्यावरून जाते. एकेकाळी या कामांना पाचसहा निरनिराळ्या वाटा होत्या. एक अडली तर दुसरी उघडी असे. आता सर्व वाटा मिळून एक झाली आहे. सोय वाढली, यात शंका नाही. पण सोयीबरोबर परावलंबनही त्याच प्रमाणात वाढले.

पैशाच्या व्यवहाराचेच उदाहरण घेऊ. मुंबईतील भारतीय राष्ट्रीय देयक निगमाने एप्रिल २०१६ मध्ये ‘यूपीआय’ ही पद्धती पुढे आणली. पुढील नऊ वर्षांत ती इतकी रुजली, की ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात तिच्यावरून झालेल्या व्यवहारांची संख्या २००० कोटींच्या पलीकडे गेली. चहाच्या दहा रुपयांपासून दागिन्याच्या विसारापर्यंत सर्व रकमा त्यात आल्या. अशा एका व्यवहाराला लागणारा मजकूर किती? साध्या छायाचित्राच्या मानाने तो क्षुल्लक असतो. संथ जोडणीवरूनही तो सुखाने जातो. मात्र तो जाताना मधेच धागा तुटता उपयोगी नाही. कारण पैसे दिले गेले, पण मिळाले की नाही कळत नाही, अशी त्रिशंकू अवस्था त्यातून उत्पन्न होते.

ही अवस्था प्रत्यक्षात कशी असते? आजकाल बहुतेक दुकानांत एक छोटी बोलकी पेटी ठेवलेली असते. रक्कम खात्यात जमा झाली, की ती मोठ्याने तसे सांगते. आता संध्याकाळची गर्दी आहे. गिऱ्हाइकाच्या भ्रमणध्वनीवर व्यवहार पूर्ण झाल्याची हिरवी खूण उमटली आहे. पण पेटी बोलत नाही. गिऱ्हाईक म्हणते, ‘अहो, पैसे गेले माझे.’ दुकानदार म्हणतो, ‘जरा थांबा हं, अजून आले नाहीत.’ मागे चार माणसे खोळंबली आहेत. खोटी चित्रे दाखवून माल घेऊन जाणारे भामटेही असतात, हे दुकानदाराला ठाऊक आहे. समोरचा माणूस दहा वर्षांचा गिऱ्हाईक असतो. तरीही त्याला थांबवून ठेवावे, की जाऊ द्यावे, हा प्रश्न उभा राहतो. थांबविले, तर तो दुखावतो. जाऊ दिले आणि पैसे आले नाहीत, तर दिवसाची कमाई बुडते. लहान दुकानाचे भांडवल म्हणजे मुख्यतः ओळख आणि विश्वास. जोडणीतील खंडाने प्रथम धक्का बसतो तो या भांडवलाला. मोठ्या पेढीत असा प्रसंग आला, तर ती तक्रार नोंदविण्याची एक बाब होते. लहान दुकानात ती दोन ओळखीच्या माणसांमधील बाब होते.

नुंगंबाक्कममध्ये आणखी एक वर्ग या धाग्याला बांधलेला आहे. आयकर भवन येथे असल्यामुळे, आणि सनदी लेखापालांच्या संस्थेची दक्षिण विभागाची कचेरीही त्याच रस्त्यावर असल्यामुळे, हिशेबनीस आणि करसल्लागार यांची दाटी या भागात मोठी आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हापासून विवरणपत्रे कागदावर देण्याची सोयच उरली नाही. अनेक व्यापाऱ्यांना महिन्याच्या ११ तारखेला विक्रीचा तपशील आणि २० तारखेला कराचे विवरणपत्र, अशा तारखा ठरलेल्या आहेत. २० तारखेला दुपारी जोडणी गेली, तर त्या दोन खोल्यांच्या कचेरीत बसलेला हिशेबनीस स्वतःपुरताच अडत नाही. त्याच्यावर विसंबलेले किराणा दुकानदार, यंत्रांचे सुटे भाग विकणारे, मंडपवाले असे सर्वच अशील विलंबशुल्काच्या कक्षेत येतात. एका लहान धंद्याचा खंड अशा रीतीने इतरांपर्यंत पोहोचतो.

चेन्नईतील मराठी माणसांच्या दृष्टीनेही हा प्रश्न परका नाही. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव या भागांतील गलाई कारागीर कित्येक पिढ्या देशभर विखुरलेले आहेत. सोनेचांदी वितळवून शुद्ध करणे हा त्यांचा व्यवसाय, आणि चेन्नईच्या सराफी पेठेतही त्यांची दुकाने आहेत. सोन्याचा भाव आता दिवसातून एकदा ठरून थांबत नाही. तो क्षणाक्षणाला हलतो. समोर वितळलेला लगड आहे, गिऱ्हाईक भाव विचारीत आहे, आणि भाव दाखविणारा पडदा दहा मिनिटांपूर्वीच्या आकड्यावर गोठलेला आहे, अशा वेळी सौदा करावा कसा? भट्टीची आच आणि हाताचे कसब यांत काडीचेही उणे नसताना केवळ बातमी न पोहोचल्यामुळे धंदा खोळंबतो.

आता ‘खात्री’ या शब्दाचा जरा हिशेब करू. जोडणी शंभरात नव्व्याण्णव हिस्से चालू असते, असे कोणी सांगितले, तर कानाला ते फार चांगले वाटते. तीस दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात. त्यांचा शंभरावा हिस्सा म्हणजे सात तास बारा मिनिटे. हे सात तास मध्यरात्री गेले, तर कोणाला पत्ताही लागणार नाही. पण दिवाळीपूर्वीच्या शनिवारी दुपारी दोनपासून रात्री नऊपर्यंत गेले, तर त्या दुकानाच्या वर्षाच्या कमाईचा एक लचका तुटतो. हजारात नऊशे नव्व्याण्णव हिस्से चालू म्हटले, तर महिन्याकाठी त्रेचाळीस मिनिटांचाच खंड उरतो. नव्व्याण्णवाच्या पुढील त्या दशांश आकड्यांत धंद्याचे मरण किंवा जीवन असते. याहून एक सूक्ष्म गोष्ट आहे. सात तास बारा मिनिटे म्हणजे ४३२ मिनिटे. तीच जर एकेका मिनिटाने महिनाभर विखुरली, तर बेरीज तेवढीच. पण दिवसातून चौदा-पंधरा वेळा धागा तुटतो, आणि प्रत्येक वेळी कोणाचा ना कोणाचा व्यवहार अर्ध्यावर लोंबकळतो. जाहिरातीत वेगाचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. अशा खंडांचा आकडा सहसा छापलेला आढळत नाही. ‘नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा’ ही म्हण अशा जोडण्यांना चांगली लागू पडते.

हा धागा तुटतो तरी का? त्यासाठी तो असतो कसा, हे थोडे समजून घेतले पाहिजे. पूर्वी टेलिफोनची तार तांब्याची असे. आताचा धागा काचेचा असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या एक अष्टमांशाएवढी, आणि त्याच्याही गाभ्यातील केसाहून कितीतरी बारीक वाटेने प्रकाशाचे किरण धावतात. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. काच गंजत नाही, तीत विजेचा धक्का शिरत नाही, आणि तिची वहनशक्ती तांब्याच्या कित्येक पट आहे. परंतु ती तुटते. आणि तुटली, की तांब्याच्या तारेसारखी पिळून जोडता येत नाही. दोन्ही टोके स्वच्छ कापून, समोरासमोर तंतोतंत आणून, विजेच्या ठिणगीने वितळवून सांधावी लागतात. त्याला यंत्र लागते आणि जाणता माणूस लागतो. तो येईपर्यंत दुकानदाराने वाट पाहावयाची.

रस्त्याखालील धागा बहुधा फावड्याने आणि खोदणाऱ्या यंत्राने तुटतो. पाण्याचा नळ टाकणारे खाते एक, पर्जन्यजलाची गटारे बांधणारे दुसरे, विजेचे तिसरे, भुयारी रेल्वेचे चौथे. आणि कोणाच्या खाली काय पुरले आहे याचा नकाशा सर्वांपाशी नसतो. देशात अशा बेताल खोदकामामुळे दरवर्षी सुमारे ३००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे सरकारनेच सांगितले आहे. डोक्यावरून नेलेला धागा याहून नाजूक. आपल्या सर्वच शहरांतून झाडांना, दिव्यांच्या खांबांना आणि गच्च्यांच्या कठड्यांना लटकाविलेल्या काळ्या तारांची जाळी दिसतात. एक फांदी पडली, की गल्ली मुकी होते.

आणखी एक फरक सहसा ध्यानात येत नाही. जुन्या टेलिफोनला लागणारी वीज टेलिफोन केंद्रातील बॅटऱ्यांमधून त्याच तांब्याच्या तारेने घरी येत असे. त्यामुळे वादळात घरातील दिवे गेले, तरी टेलिफोन बोलत राही. काचेच्या धाग्यातून वीज वाहत नाही. दुकानातील जोडणीच्या पेटीला स्वतःची वीज लागते, इमारतीतील उपकरणाला लागते, भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यालाही लागते. मनोऱ्याच्या बॅटऱ्या काही तास टिकतात; पुढे जनित्राला तेल घालावे लागते, आणि रस्ते पाण्याखाली असले, तर तेल पोहोचत नाही. म्हणजे वीज गेली, की थोड्याच अवधीत संपर्कही जातो. प्रगतीने एक गुण दिला आणि एक गुण काढून घेतला. ती उणीव भरून काढण्याचे काम आपल्यावर आले.

चेन्नईने हे तीन डिसेंबर महिन्यांत अनुभवले. २०१५ च्या नोव्हेंबरात नुंगंबाक्कमच्या पर्जन्यमापकाने १,०४९ मिलिमीटर पाऊस नोंदविला. १९१८ नंतर कोणत्याही नोव्हेंबरात इतका पाऊस तेथे पडला नव्हता. डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत अड्यार नदीने काठ सोडले, आणि शहराच्या फार मोठ्या भागात वीज आणि संपर्क दोन्ही एकदम गेले. २०२३ च्या डिसेंबरात मिचौंग चक्रीवादळाच्या पावसाने सखल भागांत तोच प्रकार पुन्हा झाला.

या दोहोंच्या मधला, १२ डिसेंबर २०१६ चा प्रसंग मात्र विशेष विचार करण्याजोगा आहे. ८ नोव्हेंबरला ५०० आणि १००० रुपयांच्या जुन्या नोटा रद्द झाल्या होत्या. जेमतेम पाच आठवडे लोटले होते. बँकांपुढील रांगा ओसरल्या नव्हत्या, हाती रोकड नव्हती, आणि दुकानदारांनी घाईघाईने कार्ड स्वीकारणारी यंत्रे बसविली होती किंवा भ्रमणध्वनीवरून पैसे घेण्यास आरंभ केला होता. अशा वेळी वरदा चक्रीवादळ थेट चेन्नईवर येऊन आदळले. हजारो झाडे पडली, वीज गेली, तारा तुटल्या. समुद्राखालून जाणाऱ्या एका केबललाही इजा झाल्याची वार्ता आली, आणि चेन्नईपासून दूर असलेल्या ग्राहकांनाही इंटरनेट मंदावल्याचा अनुभव आला. शहरातील माणसाजवळ नोट नाही, आणि यंत्राला तार नाही. खात्यात पैसे असूनही दूध आणि मेणबत्त्या घेता येऊ नयेत, अशी ती अवस्था होती. ज्या दुकानदारांनी वही काढली आणि ‘नंतर द्या’ म्हटले, त्यांच्याच बळावर कित्येक गल्ल्यांनी ते दिवस काढले. नवी वाट चालू करताना जुनी वाट बुजवून टाकू नये, हा धडा त्या चार दिवसांनी दिला.

मोठ्या उद्योगांनी हा धडा केव्हाच गिरविला आहे. ते दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या जोडण्या घेतात, आणि त्या इमारतीत दोन निरनिराळ्या दिशांनी आणवितात. खंड पडल्यास किती अवधीत दुरुस्ती व्हावी आणि न झाल्यास किती दंड, हे करारात लिहून घेतात. लहान दुकानदार घरगुती दराची जोडणी घेतो, आणि तिच्या कागदावर असले वचन बहुधा नसते. तथापि त्यानेही काही गोष्टी थोडक्या खर्चात करून ठेवणे शक्य आहे. पहिली, दुसरी वाट. मुख्य जोडणी तारेची असेल, तर दुसरी भ्रमणध्वनीची आणि ती वेगळ्या कंपनीची असावी. एकाच खांबावरून येणाऱ्या दोन तारा म्हणजे दोन वाटा नव्हेत. फांदी पडली, तर दोन्ही तुटतात. दुसरी, जोडणीच्या पेटीसाठी लहानशी बॅटरी. दिवे गेल्यावर तीनचार तास ती पेटी जागी राहिली, तरी संध्याकाळ निभते. तिसरी, ज्यांची मुदत ठरलेली आहे ती कामे शेवटच्या दिवसावर न टाकणे. चौथी, गिऱ्हाइकांचे क्रमांक, मालाचे भाव आणि येणेबाकी यांची एक प्रत कागदावर असणे. आणि पाचवी, गल्ल्यात सुट्या पैशांची थोडी शिबंदी ठेवणे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२२ मध्ये जोडणीवाचूनही लहान रकमा देता याव्यात यासाठी नियमांची चौकट घालून दिली. त्या वेळी एका व्यवहाराची मर्यादा २०० रुपये होती, पुढे ती वाढविण्यात आली. या सोयीची ओळख दुकानदारांनी करून घ्यावी. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा हे बरे.

पण सर्व भार दुकानदाराच्याच खांद्यावर टाकणे न्याय्य होणार नाही. रस्त्याखालील धागा तो राखू शकत नाही. खोदकाम करणाऱ्याने आधी कळवावे आणि खाली ज्याची तार आहे त्याने सावध करावे, यासाठी मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाची व्यवस्था सुरू केली. तिचा उपयोग प्रत्येक नगरपालिकेचा ठेकेदार खरोखर करतो की नाही, हे पाहणे हे नागरिकांचेही काम आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२४ साली नवे नियम केले. त्यांनुसार एखाद्या जिल्ह्यातील सेवा चोवीस तासांहून अधिक काळ मोठ्या प्रमाणावर बंद राहिली, तर ग्राहकाला भाड्यात सूट अथवा मुदतवाढ मिळावयास हवी. हे पाऊल योग्य दिशेने आहे. परंतु त्या सूटीने भरून निघते ते एका दिवसाचे भाडे. बुडतो तो एका दिवसाचा व्यापार. या दोहोंमधील अंतर फार मोठे आहे, आणि ते कमी करण्याचा उपाय नुकसानभरपाईपेक्षा मुळात खंडच पडू न देणे हा आहे. वीज, पाणी आणि रस्ता यांच्या पंक्तीला इंटरनेट बसविले, तर त्याच्या दुरुस्तीचीही निकड त्यांच्याएवढीच मानली गेली पाहिजे.

हे शहरापुरतेच खरे आहे असे नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागांत वीज आणि संपर्क कित्येक दिवस नव्हता. आंबा-काजू-सुपारीच्या बागा झोपलेल्या, आणि मुंबईतील आप्तांना ‘आम्ही सुखरूप आहो’ एवढेही कळविता येत नव्हते. उलट, धागा आला म्हणजे काय होते, याचेही एक उदाहरण चेन्नईपाशीच आहे. अंदमान म्हटले, की मराठी मनापुढे काळे पाणी आणि सेल्युलर तुरुंग उभा राहतो. मुख्य भूमीपासून तुटलेपणा हाच त्या शिक्षेचा गाभा होता. १० ऑगस्ट २०२० रोजी चेन्नईहून समुद्राच्या तळाने सुमारे २,३०० किलोमीटर लांबीचा काचेचा धागा त्या बेटांपर्यंत पोहोचला. तोवर तेथील माणसांची मुख्य भिस्त उपग्रहावर होती. जोडणी तोकडी आणि महाग. आता तेथील पाहुण्यांची सोय करणारा लहान खानावळवाला मुख्य भूमीवरील गिऱ्हाइकाशी सरळ व्यवहार करू शकतो. मात्र एकच धागा म्हणजे एकच वाट, ही गोष्ट तेथेही विसरून चालणार नाही.

नुंगंबाक्कमच्या आवारातील ग्रॅनाइटचा स्तंभ आता कोणाला वेळ सांगत नाही. तारेने निरोप पाठविण्याची सरकारी सेवाही २०१३ च्या जुलैत बंद झाली. पण त्या जागेपासून हाकेच्या अंतरावर आज संध्याकाळी एखादा औषधविक्रेता गिऱ्हाइकाच्या हाती पुडी ठेवून पेटीच्या आवाजाकडे कान लावून उभा असेल. पूर्वी स्टेशनमास्तर असाच तारेच्या ठोक्याकडे कान लावून बसे. स्टेशनमास्तराची तार राखण्यासाठी एक मोठे खाते रात्रंदिवस राबत होते, कारण तिच्यावर गाड्या चालत होत्या. औषधविक्रेत्याच्या धाग्यावर त्याचे घर चालते. तो धागा तितक्याच निगुतीने राखला जावा, एवढेच त्याचे मागणे आहे, आणि ते अवाजवी नाही.